झेडझेडला संकष्टी, स्नेक प्लांटला एकादशी

ठाण्यात नौपाड्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि मे २०२३ मध्ये आम्ही घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो. जुन्या घरी तळमजला होता, मागे अंगण म्हणायला लाज वाटेल एवढीशी जागा, पण तिथे तगर, जास्वंद, कढीपत्ता, जन्मात कधी न फुललेला एक अनंत आणि तुळस एवढं सगळं होतं. त्या झाडांकडे आम्ही कधी मुद्दाम बघितलं नाही, ती आपली होती. इथे आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी आई ताम्हन हातात घेऊन हॉलच्या मधोमध उभी, म्हणाली, हे पाणी कुठे ओतू?

देवांच्या आंघोळीचं पाणी. ते मोरीत ओतायचं नाही, पायाखाली येता कामा नये, झाडालाच जायला हवं, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आणि त्यावर चर्चा नाही. मी बेसिन म्हणायच्या आधीच तिने माझ्याकडे जे बघितलं त्यावरून मी गप्प बसलो. पुढचा आठवडाभर ती तांब्या घेऊन लिफ्टने खाली जायची आणि सोसायटीच्या बागेतल्या चाफ्याला ते पाणी घालून यायची, सिक्युरिटीवाला पण विचारायला लागला, काकू रोज कुठे निघता. तुळस आणली असती पण खिडकीबाहेर ग्रीलवर कुंड्या ठेवायला सोसायटीची बंदी आहे (चौदाव्या मजल्यावरून कुंडी खाली पडली तर काय होईल, बंदी बरोबरच आहे) आणि घरात तुळशीला पुरेल असं ऊन कुठेच येत नाही, म्हणून नौपाड्याची तुळस डोंबिवलीला मावशीकडे गेली. थोडक्यात आमच्या घरात इनडोअर प्लांट आले ते सजावटीसाठी नाही तर पाणी ओतायला.

पहिली खरेदी गेटसमोर झाडांची हातगाडी लावणाऱ्या माणसाकडून. जून महिना, पाऊस नुकताच सुरू झालेला, गाडीवर सगळं हिरवंगार चमकत होतं आणि प्रत्येक झाडाबद्दल त्याचं एकच उत्तर, एकदम लो मेंटेनन्स साहेब, काही करावं लागत नाही. आम्ही सहा घेतली. अरेका पाम, क्रोटन, जेड, फुलांनी लगडलेला छोटा गुलाब, लकी बांबू आणि मनी प्लांट. बायकोने सिरॅमिकच्या सुंदर पांढऱ्या कुंड्या ऑनलाइन मागवल्या, त्यांना खाली भोकं नव्हती, तेव्हा आम्हाला ते सोयीचंच वाटलं, लादी खराब होत नाही म्हणून.

गणपतीपर्यंत सहातली चार गेली. गुलाबाचं मी धरत नाही, त्याला घरात आणणं हाच मूर्खपणा होता. क्रोटनने रोज दोन पानं या हिशोबाने सगळी पानं टाकली आणि शेवटी नुसती काठी उरली. अरेकाच्या पानांवर बारीक ठिपके आणि खालून कोळ्याच्या जाळीसारखं काहीतरी, कोळी कीड, ते कळेपर्यंत झाड राखाडी झालं होतं. पण मला लक्षात राहिला तो जेड. वरून गुबगुबीत दिसत होता, एक दिवस जरा वाकडा वाटला म्हणून सरळ करायला दोन बोटांनी धरला तर अख्खं खोड हातात आलं, बुडाशी काळं, मऊ, भिजलेल्या बिस्किटासारखं, आणि वास अगदी तुंबलेल्या मोरीचा. कुंडी कलती केली तर तळातून जवळजवळ वाटीभर पाणी निघालं. माझी लेक, वय वर्षं सहा, म्हणाली, बाबा याने शू केली.

त्या रात्री जेवताना मी चौकशी समिती बसवली. मी रोज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी सगळ्यांना थोडं थोडं पाणी घालत होतो. बायको शनिवारी, आठवडाभर कोणी बघत नाही या समजुतीने, दणकून घालायची. आई रोज देवाचं पाणी, शिवाय तांदूळ धुतलेलं पाणी, शिवाय चहाचा चोथा, तोही दूध-साखरेसकट, म्हणूनच ती चिलटं होती घरभर आणि मातीवर पांढरी बुरशी. आणि लेक शाळेतून आल्यावर बाटलीत उरलेलं पाणी "झाडाला पण तहान लागते ना" म्हणून. चार माणसं, सहा झाडं, भोक नसलेल्या कुंड्या, आणि बाहेर ठाण्याचा पावसाळा, ज्यात टॉवेल तीन दिवस वाळत नाही तिथे माती काय वाळणार. झाडाच्या मुळांना हवा पण लागते, माती सतत ओली राहिली की मातीतल्या फटींमधली हवा जाते, मुळं गुदमरून कुजतात, आणि गंमत म्हणजे मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही, मग ते तहानलेल्या झाडासारखंच मान टाकतं आणि आपण आणखी पाणी घालतो. आम्ही हे चौघांनी मिळून केलं.

तर मुद्दा असा की मी इंटरनेटवर जे वाचत होतो, बिझी लोकांसाठी झाडं, पाणी घालायला विसरलात तरी जगणारी झाडं, ते आमच्यासाठी नव्हतंच. आमच्या घरात कोणी विसरत नाही.

दिवाळीपर्यंत मी नवीन काही आणलं नाही. तेवढ्यात दोन कामं केली. एक म्हणजे उजेड मोजला. फोनवर लक्स दाखवणारं फुकट ॲप असतं ते घेतलं, अगदी अचूक नसतं पण तुलना करायला पुरतं. दुपारी बारा वाजता खिडकीला लागून २२०० वगैरे आकडा आला, तिथून सोफ्यापर्यंत म्हणजे जेमतेम आठ फूट आत आलो तर १५०, आणि टीव्हीच्या बाजूच्या कोपऱ्यात, जिथे अरेका ठेवला होता, तिथे ४५. आपल्या डोळ्यांना तो कोपरा चांगला उजेडाचा वाटतो कारण डोळे जुळवून घेतात, झाडाला तसं जुळवून घेता येत नाही, त्याचं ते जेवण आहे. ॲप नको असेल तर पांढऱ्या कागदावर हात धरून सावली बघा, बोटं स्पष्ट दिसली तर बऱ्यापैकी उजेड, नुसता धुरकट डाग दिसला तर तिथे फारच थोडी झाडं टिकतात. आमच्या हॉलची खिडकी पश्चिमेला, पण समोरच्या टॉवरमुळे ऊन मिळतं ते साडेचार ते सहा, बास. बेडरूम उत्तरेची, ऊन नाही पण उजेड छान. पॅसेजमध्ये अंधार.

दुसरं काम म्हणजे शुद्ध हवेचा वाद मिटवला. मेव्हणीने फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं की नासाने सांगितलंय, घरात झाडं ठेवली की हवा शुद्ध होते, म्हणून बायकोला प्रत्येक खोलीत दोन हवी होती. नासाचा तो अभ्यास खरा आहे, १९८९ चा, पण तो लहानशा बंद पेटीत झाड ठेवून केलेला, आपल्या घराला खिडक्या-दारं असतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी असे सगळे प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला, तर नुसत्या खिडकीतून जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं असेल तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. आमचा हॉल दहा बाय बाराचा, म्हणजे अकरा चौरस मीटर, म्हणजे कमीत कमी एकशे दहा कुंड्या. मी बायकोला म्हणलं आपण मग पॅसेजमध्ये झोपू. घोडबंदरच्या ट्रॅफिकची धूळ खिडकी बंद केल्यानेच कमी होते, मनी प्लांटने नाही. झाड दिसायला छान वाटतं म्हणून घ्यावं, तेवढं कारण पुरे आहे.

दिवाळीनंतरच्या रविवारी सगळे मिळून घोडबंदर रोडलाच एका नर्सरीत गेलो. इथले माळीकाका जव्हारकडचे, मराठी बोलणारे, आणि हातगाडीवाल्याच्या अगदी उलट, विकायची अजिबात घाई नाही. मी सवयीने सुरुवात केली, काका कमी पाणी लागणारं, कमी उजेडात राहणारं काहीतरी दाखवा. त्यांनी आधी विचारलं, घरात पाणी कोण घालतं? मी बोलायच्या आत लेकीने बोट वर केलं, मग आईने सांगितलं की देवाचं पाणी तर रोज घालावंच लागतं. काका हसले, म्हणाले, सगळे विचारतात किती दिवस पाणी नाही मिळालं तर चालेल, रोज मिळालं तर चालेल का असं कोणी विचारत नाही. आणि आम्हाला घेऊन गेले थेट मागे पाण्याच्या टाकीपाशी. तिथे एका फुटक्या टबात चिखलात उभं एक झाड, कमरेएवढ्या हिरव्या काड्या आणि प्रत्येक काडीच्या टोकाला छत्रीच्या तारांसारखी गोल पसरलेली पानं. अंब्रेला पाम. पाय सतत पाण्यात असले की खूश, उलट कोरडं पडलं की कडेने पिवळं होतं. नावात पाम आहे पण पाम नाही.

आईने वाकून बुडाशी हात लावला, काडी बोटांत फिरवली, तिला तीन धारा लागल्या, आणि म्हणाली, अरे हा तर लव्हाळा! आणि खरंच त्याच कुळातला आहे, मूळचा आफ्रिका-मादागास्करकडचा पण आपल्या लव्हाळ्याचा भाऊबंद, इजिप्तचे लोक ज्याच्यापासून कागद करायचे तो पपायरस पण ह्यातलाच. आई म्हणाली, माहेरी शेतातून हा उपटून उपटून कंबर मोडायची, आणि तू १२० रुपये देणार? दिले.

मग बाकीची निवड सोपी झाली, कारण देवाच्या पाण्याची सोय लागली होती आणि उरलेल्या झाडांना खरोखर कमी पाणी मिळणार होतं. पॅसेजसाठी झेडझेड नावाचं झाड, २८० रुपये. हे झाड घ्यायच्या आधी काकांनी पिशवी दाबून दाखवली, आत बटाट्यासारखे कडक गड्डे लागत होते, त्यात पाणी साठवून ठेवतं म्हणून महिना महिना चालतं. बेडरूमला स्नेक प्लांट. याचं इंग्रजीत एक दुसरं नाव आहे ते काकांनी उत्साहाने सांगितलं, सासूची जीभ, आणि मग माझ्या शेजारी उभ्या असलेल्या दोघींकडे बघून एकदम माती चाळायला लागले. आईच म्हणाली, घ्या की मग, माझ्या नावाने एक. लेकीला पीस लिली, बायकोला लालसर पानांचं ॲग्लोनेमा, जे मला महाग वाटलं पण ते मी बोललो नाही.

झाड निवडताना काकांनी जे शिकवलं ते मला हातगाडीच्या वेळी माहीत असतं तर बरं झालं असतं. फुललेलं, सगळ्यात मोठं झाड उचलायचं नाही. पान उलटं करायचं, देठ खोडाला जिथे मिळतो त्या बेचक्यात बघायचं, कापसासारखा पांढरा ठिपका दिसला तर तो पिठ्या ढेकूण, एक आणला की घरातल्या सगळ्यांना लागतो. खोड हलकेच हलवायचं, मातीत घट्ट बसलेलं हवं. मधोमध नवीन पान उमलत असलं तर झाड वाढतंय. आणि पिशवीतली माती बघायची. आपल्याकडे नर्सरीत बरीचशी झाडं लाल मातीच्या गोळ्यात येतात, ती माती घरात आली की भिजल्यावर चिकट चिखल आणि वाळल्यावर वीट, पाणी बाजूने निघून जातं आणि मधला गोळा एक तर कोरडा राहतो नाही तर आठवडाभर ओला. घरी आणल्या आणल्या कुंडी बदलायची नाही, पंधरा दिवस त्याला जागेची सवय होऊ द्यायची, मग थोडी लाल माती, कोकोपीट, गांडूळखत आणि भरपूर परलाइट (पांढरे हलके दाणे) नाही तर बारीक खडी असं मिश्रण करून साध्या भोकवाल्या प्लास्टिकच्या कुंडीत लावायचं, आधीच्या पिशवीपेक्षा एकच साइज मोठ्या. बायकोच्या पांढऱ्या कुंड्या फुकट गेल्या नाहीत, प्लास्टिकची कुंडी त्यांच्या आत बसते, पाणी घालायच्या दिवशी बाहेर काढायची, बाथरूममध्ये भिजवायची, निथळली की परत आत.

निघताना काका म्हणाले, लहान पोर आहे तर पानं तोंडात घालू देऊ नका, खाजतं. मनी प्लांट, झेडझेड, पीस लिली, ॲग्लोनेमा ही सगळी अळूच्या कुळातली, अळूने घसा खवखवतो तसाच प्रकार, पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. आईला हे एका वाक्यात पटलं. वर विचारते, मग चिंच घातली तर?

आता पाण्याचं वेळापत्रक. खरं तर वेळापत्रक नको, माती बघून घालायला हवं हे मला माहीत आहे, आणि त्यासाठी आमच्याकडे साधन पण मुबलक, अगरबत्तीची जळून उरलेली काडी. मातीत खोलवर खुपसायची, दोन मिनिटांनी काढायची, ओली माती चिकटून आली तर आज नाही, स्वच्छ कोरडी आली तर घालायचं. पण चार जणांच्या घरात काडी कोणी बघितली, कोणी घातलं, यावरून रोज गोंधळ व्हायला लागला. मी मोबाइलवर रिमाइंडर लावले, ते फक्त मला यायचे. तोडगा आईने काढला, तोही सहज, कालनिर्णय बघता बघता. झेडझेडला महिन्यातून एकदा म्हणतोस ना, मग संकष्टीला घालते. आणि स्नेक प्लांटला पंधरा दिवसांनी तर एकादशीला. दोन्ही उपास ती चुकवत नाही, त्यामुळे पाणी पण चुकत नाही आणि जास्त महत्त्वाचं म्हणजे मधल्या दिवशी कोणी घालत नाही. लेकीला वाटतं आजीने उपास केला की झाडं आजीचं पाणी पितात.

चातुर्मासात मी तिला म्हणलं, आता हवाच ओली आहे, स्नेक प्लांटला पंधरा दिवसांनी पण जास्त होईल. तर तिने आषाढीपासून कार्तिकीपर्यंत वद्य एकादशी गाळली, फक्त शुद्ध. ठाण्याचा पावसाळा बराचसा त्यात बसतो, ज्याने कोणी हे ठरवलं असेल त्याच्या डोक्यात स्नेक प्लांट नव्हता एवढंच. तरी त्या दिवशी पण आधी काडी खुपसायची असं ठरलंय, आणि काडी ओली आली की ती म्हणते, आज याचा पण निर्जळी.

पीस लिली लेकीकडे, कारण ते झाड बोलतं. पाणी कमी झालं की सगळी पानं एकदम खाली पडतात, बघितलं की वाटतं गेलं, पाणी घातलं की तीन-चार तासांत परत ताठ. "बाबा लिली झोपली" अशी हाक आली की समजायचं. शाळेच्या बाटलीतलं पाणी लिली झोपली असेल तरच लिलीला, नाही तर लव्हाळ्याला. हो, आता आमच्याकडे त्याला कोणी अंब्रेला पाम म्हणत नाही.

लव्हाळ्याचीच एक भानगड झाली. मी त्याला बिनभोकाच्या टबात लावून वर दोन बोटं पाणी राहील असं ठेवलं होतं, छान तळ्यासारखं दिसायचं. जुलैत डेंग्यूच्या तपासणीला माणसं आली, घरोघरी कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजमागचा ट्रे बघत होती. त्यातल्या बाईंनी टबावर टॉर्च मारला आणि मला बोलावलं. वळवळणाऱ्या बारीक अळ्या, दहा-बारा तरी. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास तयार होतो, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं साचलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करायची असते. मला ते माहीत होतं, पोस्टर लिफ्टमध्येच लावलंय. टब तिथल्या तिथे रिकामा केला. आता वरपर्यंत माती आणि त्यावर बोटभर बारीक खडी, पाणी खडीच्या खाली राहतं, वर दिसत नाही, ओल तेवढी राहते. मनी प्लांट बाटलीत आहे त्याचं पाणी दर रविवारी पूर्ण बदलतो आणि बाटली आतून घासतो.

आता दोन वर्षं होतील. ॲग्लोनेमाला एकदा पिठ्या ढेकूण झालाच, कापसाचा बोळा साबणाच्या पाण्यात बुडवून तीन रविवार पुसत बसलो तेव्हा गेला, त्यामुळे हे झाड मी कोणाला सोपं म्हणून सांगणार नाही. झेडझेडने पहिले सात-आठ महिने काहीही केलं नाही, प्लास्टिकचं असावं तसं, मग एकदम तीन कोंब. स्नेक प्लांट जसा होता तसा. लव्हाळा मात्र माजलाय. मेमध्ये एक तांब्या पुरत नाही, देवाचं पाणी झाल्यावर मला वेगळं दोन लिटर घालावं लागतं. त्याची छत्री काडीसकट कापून पाण्याच्या ग्लासात उलटी ठेवली की मधून नवीन रोपं फुटतात, आईने अशी सहा करून मजल्यावर वाटली. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू पण देवाचं पाणी घेऊन लिफ्टने खाली जायच्या असं त्यामुळे कळलं.

नौपाड्याच्या नवीन बिल्डिंगचा सातवा स्लॅब टाकून झालाय. परवा बिल्डरच्या ऑफिसात नवीन घराचा प्लॅन बघायला गेलो होतो, बायको मॉड्युलर किचन कुठे बसेल ते बघत होती, आईने चष्मा लावून कागद फिरवून फिरवून बघितला आणि त्या मुलाला विचारलं, देवघरापासून पश्चिमेची खिडकी किती लांब आहे.